रिळं गुंडाळणारा परशराम

परशराम गेल्याचं मला रेल्वेच्या फाटकाजवळ कळलं. सकाळी कॉलेजला निघालो होतो. गाडी यायची होती म्हणून फाटक बंद होतं आणि पलीकडे निपाणीची सर्व्हिस मोटार उभी होती. तिचा ड्रायव्हर मला ओळखायचा, कारण परशरामची खुशाली तोच आणून सांगायचा. एरवी तो बसल्या जागेवरून हात करी. त्या दिवशी तो खाली उतरला, दांड्याखालून वाकून माझ्यापर्यंत आला आणि टोपी काढून म्हणाला, "येळ्ळूरकर, तुमचा रिळवाला गेला ओ." मला वाटलं तो काम करायचा तो सिनेमाचा तंबू हलला असेल, निपाणीहून पुढच्या गावाला गेला असेल. "कुठं गेला?" असं मी विचारलंसुद्धा… तो नुसता टोपी हातात धरून उभा राहिला. मग गाडी आली, फाटक उघडलं, माणसं दोन्हीकडून सरकली आणि मी कॉलेजकडे न जाता मागे वळलो.

शहापुरातल्या आमच्या गल्लीत शिरलं की दोन्ही बाजूंनी मागांचा आवाज येतो. आप्पांच्या, म्हणजे परशरामच्या वडिलांच्या, मागाचा आवाज मला वेगळा ओळखू येतो. तो ऐकत मी दाराबाहेर थांबून राहिलो. तो चालू होता तोवर त्या घरात परशराम जिवंत होता. शेवटी आत गेलो. आप्पांनी मान वर न करताच विचारलं, "का रं, आज कालेज न्हाय?"

पुढचं मला लिहिता येणार नाही.

खरं तर हे सगळंच मला लिहिता येईल की नाही, याची खात्री नाही. आमच्या घरात शाळेच्या पुढे गेलेला मी पहिलाच. माझे वडील येळ्ळूरला शेती करतात आणि सही करताना अजून त्यांचा हात थरथरतो. मेलेल्या माणसावर लिहितात ते मोठ्या माणसांवर, असा माझा समज होता. परशराम कुणी मोठा नव्हता. पण एका गोष्टीची त्याला जी भीती होती, तीच मलाही आहे, आणि बहुधा वाचणाऱ्यांपैकी अनेकांना असेल. म्हणून लिहितो.

कॉलेजात नाव घातल्यावर मी आप्पांच्या घराचा माळा भाड्यानं घेतला. खाली समोरासमोर दोन खड्डा-माग होते, विणकरानं जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसायचे. एकावर आप्पा बसत, दुसऱ्यावर परशराम. तो माझ्याच वयाचा. चौथी झाली आणि त्याला मागावर बसवलं. पहिल्या दिवशी मी पुस्तकांची पिशवी घेऊन जिना चढायला लागलो तेव्हा खड्ड्यातून त्याचा आवाज आला, "आप्पा, वर वजन वाढालंय, तुळई बघून घ्या." शहापूर सांगली संस्थानात आणि फाटकापलीकडचं बेळगाव इंग्रजी हद्दीत, यावरून तो मला रोज छेडायचा. "येळ्ळूरकर, रोज परमुलखात जातोस आन् काय आणतोस? तर बोटाला शाई!" त्याची आई, अव्वा, रहाटावर सुताच्या कांड्या भरत बसलेली असे. ती हसायची आणि हसताना तिचा रहाट थांबायचा. मग आप्पा खाकरायचे, आणि रहाट पुन्हा सुरू व्हायचा.

बाप-लेक दोघंही एकच लुगडं विणत. हिरवं अंग, तांबडे काठ. व्यापाऱ्याला तेच हवं असे. एकदा सुट्टीच्या दिवशी मी खाली बसलो होतो. परशरामच्या मागावरचा ताणा, म्हणजे लुगड्याचे उभे धागे, संपत आला होता. मला वाटलं, आता तो सगळा काढतील आणि नवा चढवतील. पण तसं नसतं. जुन्या ताण्याची टोकं मागाच्या फणीतच राहू देतात आणि नव्या ताण्याचा एकेक धागा त्या प्रत्येक टोकाला सांधतात. अव्वा आणि परशराम आमनेसामने बसून धागे सांधत होते. मी सहज म्हणालो, "म्हणजे माग कधी रिकामा होतच नाही?" त्याच्या हातातला धागा निसटला. तो माझ्याकडे असा बघत राहिला की मला ओशाळल्यासारखं झालं. संध्याकाळी माळ्यावर येऊन तो म्हणाला, "तू आज काय बोललास, ठावं हाय? माझ्या आज्जानं बांधलेला ताणा अजून संपला न्हाय. आज्जाच्या शेपटीला आप्पाचा, आप्पाच्या शेपटीला माझा. म्हंजे एकच लुगडं चाललंय, येळ्ळूरकर. मी मेलो तरी संपायचं न्हाय."

मग त्यानं जे सांगितलं ते मी विसरू शकत नाही. कधी कधी सकाळी जाग आली की हा दिवस कालचा की आजचा, ते त्याला कळेना. भीतीच वाटे. मग खाली येऊन तो लुगड्याला हात लावी, किती विणून झालंय ते चाचपून बघी, आणि त्यावरून दिवस ओळखी. "तेच ते रं, तेच ते…" एवढंच तो म्हणाला. कष्टाला तो कधी भ्यायला नाही. त्याच्या काही दिवस आधी मी वर्गात बसून फळ्यावरचा मजकूर उतरवून घेत होतो, आणि मला माझी पुढची वर्षं दिसली होती. कचेरी, टेबल, तेच कागद. वडिलांच्या बैलांना निदान वळणावर शेत बदलल्यासारखं तरी वाटत असेल. पण हे मी त्याला बोललो नाही. शिकलेल्या माणसाला अशी भीती वाटू नये, असं मला वाटत होतं.

सिनेमाला मीच त्याला पहिल्यांदा नेलं. बेळगावातल्या एका थेटरात देवादिकांचा बोलपट लागला होता. आम्ही अगदी पुढे, जमिनीवर बसलो. लोक हात जोडत होते, बायकांच्या बाजूनं हुंदके येत होते. परशराम मात्र मान तिरकी करून पडद्याच्या कडेला बघत होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "ती बाई बघितलीस?"

"राणी?"

"राणी न्हाय रं! राजा सिंव्हासनावरनं उठतोय, त्याच्या मागं खांबापलीकडं एक बाई सूप घेऊन पाखडालीय. कुणी तिला तिथनं हाकलायला इसरलंय बघ."

मी पाहिली नव्हती. त्यानं हट्टानं मला पुन्हा नेलं आणि त्या जागी कोपर मारलं. खरंच, खांबाच्या कडेला अर्धी दिसणारी एक बाई सूप वर उडवत होती. कोंडा उजेडात चमकून खाली येत होता. राजा काय बोलला ते मला आजही आठवत नाही. परत येताना फाटकाजवळ तो थांबला. "अव्वा रोज पाखडती. मी जन्मल्यापास्नं घरात हाय. कधी बघितलं न्हाय." दुसऱ्या दिवशी अव्वा सूप घेऊन उंबऱ्याशी बसली, तर हा माग सोडून तिच्यासमोर जाऊन बसला. ती बावचळली. "काय बघालास रं? खडा गावला व्हय?" "न्हाय गं. पाखड तू." "येडं झालंय," ती मला म्हणाली, "तुमच्या सिनेमानं पोर येडं झालंय." पण पुढचं सूप तिनं जरा उंच उडवलं, हे मी पाहिलं.

त्या थेटरात यंत्राच्या खोलीत मदतनीस हवा होता. खेळ संपला की चित्राची रिळं हातानं उलटी गुंडाळायची, तुटली असतील तर जोडायची. परशराम तिथं लागला. घरी त्यानं सांगितलं, "बेळगावात रिळं गुंडाळायचं काम मिळालंय." विणकराच्या घरात रीळ म्हणजे सुताचं. दुसरा अर्थ आप्पांच्या मनात येणार तरी कसा? एखाद्या नव्या गिरणीत पोराला काम लागलं असं ते धरून चालले. आता पगारही येणार, आणि हात सुतावरच राहणार, म्हणून खूशच होते. रात्री जेवताना त्यांनी चौकशी केली, "सुती का रेशमी?"

परशरामनं घास गिळला. "काळं हाय आप्पा."

"काळं? कितव्या नंबराचं?"

"नंबर न्हाय बगा त्याला. पट्टीवानी आसतंय."

"पट्टीवानी सूत!" आप्पांनी मान हलवली. "लढाईचा माल आसंल. पलटणीसाठी."

मी ताटात बघत राहिलो, हसू दाबायला. रीळ जोडायला जो डिंकासारखा द्रव वापरतात त्याला पिकलेल्या केळ्याचा वास येतो. तो वास परशरामच्या कपड्यांना, केसांना लागायचा. अव्वा एकदा रागावून म्हणाली, "तुमच्या गिरणीत केळी वाटत्यात काय रं? एक दिवस घरला आण की!" त्यानं खरंच केळ्यांची एक फणी आणली. ती फणी शेजारीपाजारी वाटली गेली आणि गल्लीत त्या गिरणीचं फार कौतुक झालं.

पण माळ्यावर आला की त्याचा चेहरा उतरलेला असे. एकच चित्र आठवडेच्या आठवडे चालायचं, रोज तेच. "येळ्ळूरकर, हितंबी ताणाच हाय. शेपटीला शेपटी." मला भीती वाटली, हा आता कुठं जाणार? मग हळूहळू त्यानं एक युक्ती काढली. मधल्या माणसांकडे बघायचंच नाही. एका खेळाला डावा कोपरा, दुसऱ्याला उजवा. रोज मला बातमी मिळे. आज एक कुत्रं रथाच्या मागे जाऊन निजलं. आज दासीनं पदर सावरायच्या आधी नाक पुसलं. ऋषींच्या आश्रमात झाडामागून विजेची तार गेलीय, तिच्यावर चिमणी बसलीय, आणि ऋषी शाप देत असताना ती उडते. हे सांगताना त्याचे डोळे मोठे व्हायचे. मीही शिकलो. येळ्ळूरला गेलो की वडील बैलाच्या गळ्यावरून हात फिरवतात ते मला दिसू लागलं. ते आधीही फिरवतच असणार.

आप्पांना शेवटी लुगडी नेणाऱ्या व्यापाऱ्यानंच सांगितलं. म्हणाला, "पोरगं थेटरात ठेवलंय म्हणं तुमी." आप्पांनी मला माळ्यावरून हाक मारली. पटका बांधला आणि फक्त म्हणाले, "चल, दाव." फाटक ओलांडून आम्ही थेटराच्या मागच्या लोखंडी जिन्यानं वर गेलो. दुपारचा खेळ संपला होता. अरुंद खोलीत परशराम आमच्याकडे पाठ करून बसला होता आणि हातानं चाक फिरवत होता. एका चाकावरची काळी पट्टी दुसऱ्या चाकावर जात होती. आप्पांनी बराच वेळ ते पाहिलं. मला वाटलं ओरडतील. ते अगदी हळू म्हणाले, "माग सोडलास आन् रहाटाला बसलास व्हय रं?"

परशराम वळला. चाक हातातच थांबलं. विणकराच्या मुलाला याहून जिव्हारी लागेल असं बोलणं नाही. रहाट बायकांनी आणि नजर गेलेल्या म्हाताऱ्यांनी फिरवायचा. तो उठून उभा राहिला. "आप्पा, मागावर मला तेच ते वाटतंय. जीव घुसमटतोय."

"आन् हे काय येगळं हाय?"

"न्हाय," तो म्हणाला. "पण तुमी सांगा. तुमी एवढी वर्सं तेच लुगडं विणालाय. तुमास्नी कधी कटाळा आला न्हाय? भ्या वाटलं न्हाय?"

आप्पांनी उत्तर दिलं नाही. ते त्या पट्टीकडे बघत राहिले. मग पटक्याचं टोक नीट केलं, आणि "अव्वा वाट बघालीय" एवढं म्हणून जिना उतरले. मी त्यांच्यामागे उतरलो. त्यांच्या पायांना पायऱ्या सापडत नव्हत्या, म्हणून मी हात पुढे केला. तो त्यांनी घेतला नाही.

परशराम घरी आला नाही. फिरत्या तंबूच्या सिनेमाबरोबर तो निघून गेला. आधी संकेश्वर, मग निपाणी. दिवाळीच्या सुट्टीत मी त्याला भेटायला निपाणीला गेलो. ती आमची शेवटची भेट. गावात शिरताच तंबाखूच्या वखारींचा वास नाकात गेला आणि मला शिंका सुरू झाल्या. तंबूच्या सावलीत तो बसला होता. गालफडं बसलेली. "आलास? शिंकत शिंकत आलास म्हंजे शुभ का अशुभ रं?" म्हणून हसला. तंबूवाल्याकडे एकच जुनं चित्र होतं, बेळगावच्या थेटरात चाललेलंच. ओरखड्यांनी त्यात सतत पाऊस पडल्यासारखं दिसायचं. गावोगाव तेच. मी विचारलं, "कोपऱ्यात काय नवीन?" त्यानं तंबूच्या दोरीची गाठ ओढून पाहिली. मग म्हणाला, "कोपरे संपले."

तो सांगत होता, "डोळं मिटलं तरी दिसतंय सगळं. कुत्रं कवा येतंय, चिमणी कवा उडतीया… माग सोडला, थेटर सोडलं, हितं आलो. तरी मागनं येतंयच. माझ्यातच कायतरी कमी हाय का रं? तू शिकलेला हाईस, सांग की." मी शिकलेला होतो. नुकतंच कुठंतरी वाचलेलं, मन रमवण्याबद्दलचं एक वाक्य मी त्याला सांगितलं. त्यानं नम्रपणे ऐकून घेतलं. ते वाक्य आता मला नीट आठवतही नाही.

तेवढ्यात वखारी सुटल्या. बायका तंबूवरून घरी निघाल्या होत्या. दोघी आमच्यासमोरच थांबल्या. एकीनं डोईवरचा पदर काढला आणि दुसरी तिच्या केसांतली तंबाखूची पिवळी धूळ फुंकरीनं आणि बोटांनी झाडू लागली. उतरत्या उन्हात ती धूळ क्षणभर सोन्यासारखी उभी राहिली. "हळू की गं, डोळ्यात गेली!" "मग मिटून घे की, नवरीवानी!" दोघी हसत पुढे गेल्या. परशराम त्यांच्याकडे वळून वळून बघत होता. "ह्या रोज हितंच थांबत्यात," तो म्हणाला, "आन् रोज येगळंच कायतरी बोलत्यात." त्याच्या आवाजात थोडा जीव आल्यासारखा वाटला. मोटारीपर्यंत तो मला सोडायला आला. चढताना म्हणाला, "आप्पानं मला जबाब दिला न्हाय. एकडाव घरला येतो आन् पुन्हा इचारतो. त्यास्नी भ्या वाटलंच नसंल, तर मग खोट माझ्यात हाय. वाटलं आसंल, तर… तर मागावर बसायला माझं काय जात न्हाय."

यायचा होता, पण त्याला विषमज्वरानं धरलं. तंबूवाल्यानं वैद्य आणला होता, पण उशीर झाला. निरोप आमच्यापर्यंत पोचला तो थेट शेवटचाच.

त्या दिवशी आप्पा आणि मी निपाणीला पोचलो. सगळं उरकल्यावर तंबूवाला आम्हाला परशरामचं अंथरूण दाखवायला तंबूत घेऊन गेला. दिवसा तंबू ओसाड दिसत होता. समोर पांढरा पडदा टांगलेला. आप्पा अंथरुणाकडे न जाता सरळ पडद्याकडे गेले आणि त्याचा काठ दोन बोटांत धरून चोळून पाहिला. "मांजरपाट," ते म्हणाले. "जाडाभरडा. गाठी हाईत." जरा वेळानं, "ह्याच्यावर बघत होता व्हय सगळं?" तंबूवाला "होय जी" म्हणाला. आप्पांनी तळहात पसरून पडद्यावर ठेवला आणि तसेच उभे राहिले. त्यांना हलवायचं धाडस आम्हा दोघांनाही झालं नाही.

याला आता काही आठवडे झाले. परशरामचा माग तसाच आहे, अर्धवट लुगड्यासकट. मी माळ्यावरच राहतो, परीक्षा जवळ आली आहे. गेल्या रविवारी आप्पांनी मला खाली बोलावलं. अव्वा देवळात गेली होती. मी त्यांच्या खड्ड्याच्या काठावर बसलो. हातातला धोटा त्यांनी बाजूला ठेवला.

"निपाणीला कायतरी बोलला का रं तो? माझ्याबद्दल?"

मी सांगितलं. मोटारीजवळचं बोलणं, जसं आठवलं तसं सगळं. सांगायला हवं होतं की नाही, हे मला आजही कळत नाही. ऐकताना ते विणलेल्या कापडावरून हात फिरवत होते.

"येतो कटाळा," ते म्हणाले. "लई येतो. त्याच्या वयाचा हुतो तवा एकदा फाटकापतुर पळून गेलतो. गाडीत बसनार हुतो. पैसं न्हवतं, मागं आलो." त्यांचा हात कापडावरच्या एका गाठीशी थांबला. "भ्याबी वाटतंय. अजून वाटतंय. बाप होऊन पोराला कसं सांगू, म्हणून गप बसलो. त्याला वाटलं, बापाला काय वाटतच न्हाय…"

परशराम येऊन विचारणार होता, आणि उत्तर इथं या खड्ड्यात इतकी वर्षं बसून होतं. वेळेवर मिळालं असतं तर तो वाचला असता, असं मी म्हणत नाही. ज्वर ज्वरच असतो. पण तो एकटा नव्हता, आणि हे त्याला कधी कळलं नाही… याच्याशी मला अजून समेट करता आलेला नाही.

परवाचीच गोष्ट. मी वर वाचत होतो आणि खालचा माग मध्येच थांबला. आमच्या गल्लीत माग अवेळी बंद पडला की शेजारी आपल्या मागावरूनच हाक मारतात, "धागा तुटला काय हो?" कारण दिवसाउजेडी चालता माग थांबवायला विणकराला दुसरं कारण नसतंच. मी जिन्यावरून वाकून पाहिलं. आप्पा हात मांडीवर ठेवून बसले होते. समोरच्या दारातून गल्ली दिसत होती. दोन घरांच्या मध्ये कुणीतरी नुकताच रंगवलेला सुताचा ताणा वाळत ताणून ठेवला होता, आणि एक शेरडू त्याच्याखालून जावं की न जावं, अशा विचारात उभं होतं. भिंतीपलीकडून हाक आली, "आप्पा, धागा तुटला व्हय?"

आप्पांची नजर शेरडावरून हलली नाही. शेरडानं मान खाली घातली आणि ते ताण्याखालून पलीकडे गेलं.

"न्हाय रं," आप्पा म्हणाले. "बघालोय."